मदत हवी आहे: म्हैसमाळचा डबा आणि त्याची बिनकामाची हिंट

मोंढानाका
खुलताबादजवळच्या म्हैसमाळचा जिओकॅशिंगचा डबा (अक्षांश-रेखांशाचे आकडे बघून लपवलेला डबा हुडकायचा खेळ) कोणाला सापडलाय का? हिंट डिकोड केली तर निघालं, 'जिथं बघाल तिथं नाही'. जिथं बघितलं तिथं नाही हे मला हिंट न वाचताच कळलं होतं! रविवारमागून रविवार चाललेत. घरचे विचारायलेत की तुम्ही नेमकं काय शोधायलात. उद्या सकाळी परत निघायलोय, तेव्हा लवकर सांगा. स्पॉयलर चालेल.

कोथरूडकर
कुठला डबा? साइटवरचा त्याचा नंबर, म्हणजे जीसी कोड, द्या. डिफिकल्टी (शोधायला किती अवघड), टेरेन (पोचायला किती अवघड), आकार? शेवटचा 'सापडला' लॉग, म्हणजे नोंद, कधीचा? एवढं लिहिल्याशिवाय कोण काय सांगणार?

मोंढानाका
अहो, म्हैसमाळला, पॉइंटच्या अलीकडं. तिथं गेलेल्याला कळतंच. डिफिकल्टी दीड लिहिलीय, म्हणजे सोपाच असणार. मला फक्त हिंटचा अर्थ पाहिजे.

कोथरूडकर
गेलेल्याला कळत असतं तर हा धागा निघाला नसता.

हातातलं_जीपीएस
फोन घेऊन फिरत असाल तर नाद सोडा. हातात धरायचं जीपीएस यंत्र, जुनं इट्रेक्स, मिळालं तर घ्या. दोन पेन्सिल सेल घातले की दिवसभर चालतं, उन्हात स्क्रीन दिसते, दगडावर पडलं तरी काही होत नाही. म्हैसमाळच्या वाऱ्यात फोनची बॅटरी बघत बसणाऱ्यांची मला कीव येते.

गोदाकाठी
परत सुरू झालं यांचं इट्रेक्स. भाऊ, उघड्या माळावर साधा फोनसुद्धा पाचेक मीटरच्या आत आणून सोडतो. डबा लपवणाऱ्याकडून आकडे घेताना तेवढीच चूक झालेली असते. दोन्ही मिळून दहा मीटरचा घेर धरा. तिथून पुढं कुठलंही यंत्र काही सांगत नाही, आणि हिंट असते ती नेमकी त्या दहा मीटरसाठी.

आणि शेवटी बाणाच्या मागं फिरू नका. माणूस उभा राहिला की फोन दिशा होकायंत्रावरून दाखवतो. आपला सगळा काळा दगड बेसाल्ट, त्यात लोहाचे कण, वर फोनच्या कव्हरला चुंबक. बाण गरगर फिरतो. वीस-तीस मीटर मागं जा, सरळ चालत या, अंतर सगळ्यात कमी कुठं होतं ते बघा. मग दुसऱ्या बाजूनं तसंच.

मोंढानाका
ते सगळं करून झालंय. बाण नाही, हिंट विचारायलोय.

बालाघाट
हिंट नीट डिकोड केलीय का? ती रॉट-१३ मध्ये असते. इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढं सरकवायचं, म्हणजे ए चा एन आणि एन चा ए. २६ अक्षरं असल्यामुळं तीच क्रिया परत केली की मूळ मजकूर मिळतो. देवनागरीला हे लागू पडत नाही, तिथं हिंट उघडीच राहते. म्हणून आपले लोक मराठी हिंट इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि मग वाचणाऱ्याचं डोकं उठतं. मूळ अक्षरं जशीच्या तशी टाकाल का?

मोंढानाका
डिकोड ॲपच करतं, एक बटण असतं. अर्थ वर दिलाय तोच आहे. पुढं कोणी?

जुना_खेळाडू
या खेळाची सुरुवात किती जणांना ठाऊक आहे? अमेरिकेनं जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. तोवर सामान्य माणसाचा रिसीव्हर शंभरेक मीटर इकडंतिकडं दाखवायचा. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ओरेगनमध्ये एक बादली लपवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. त्यात पुस्तकं होती, सॉफ्टवेअर होतं, बीन्सचा एक डबाही होता. खेळ तिथून सुरू झाला. खायचं ठेवायचं नाही हा नियम नंतरचा, कारण जनावरं डबा फोडतात.

मोंढानाका
काका, छान माहिती. म्हैसमाळ?

जुना_खेळाडू
म्हैसमाळला मी गेलो नाही.

हुरडाप्रेमी
उद्या निघताच आहात तर खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन घ्या, तिथून म्हैसमाळ जवळच. पोरंबाळं सोबत असतील तर वर गिरिजादेवीच्या मंदिराजवळ बसायला बरं. पाणी घरूनच न्या. थंडीत गेलात तर रस्त्यात हुरड्याची चौकशी करा. शनिवारी मात्र भद्रा मारुतीला फार गर्दी, रविवार त्या मानानं बरा.

लातूरची_लेक
मोंढानाका भाऊ, आधी एक सांगा, आकार काय लिहिलाय? कोथरूडकरांनी पहिल्याच प्रतिसादात विचारलंय, तुम्ही त्यावरून उडी मारून पुढं गेलात. जेवणाचा डबा शोधायचा की बोटाच्या पेरावर मावणारा नॅनो, यावर सगळं अवलंबून आहे.

मोंढानाका
ताई, आकार 'अदर'. म्हणजे त्यानं सांगितलाच नाही. टेरेन दोन. वर्णनात दोन ओळी, 'सूर्यास्त छान दिसतो' आणि 'मगलांपासून सावध', म्हणजे हा खेळ न खेळणाऱ्यांपासून. बास.

लातूरची_लेक
मग तुमचा राग रास्त आहे. आकार लपवायचा, वर्णनात सूर्यास्त लिहायचा आणि हिंटमध्येही कोडं घालायचं, ही ओनरची, म्हणजे डबा लपवणाऱ्याची, हौस झाली. ज्याला कोडं घालायचंय त्यानं मिस्ट्री डबा टाकावा, तो प्रकार त्याचसाठी आहे. हिंट कोण उघडतं? जो चालून, वाकून, शोधून थकलाय तो. त्याला निदान कळावं की हात लोखंडाला लावायचा, लाकडाला की दगडाला. लोखंडाचं असेल तर 'चुंबक' हा एकच शब्द पुरतो.

आमच्याकडच्या एका डब्याला हिंट होती 'दगडाखाली'. जागा कुठली, तर माळरान. नजर पोचेल तिथवर दगडच! ओनरला विचारलं तर म्हणतो, हिंट खोटी आहे का?

कोथरूडकर
असहमत. हिंटनं सगळं सांगितलं तर खेळ कशाला? डिफिकल्टी दीडच्या डब्याला मुळात हिंटची गरजच नसावी.

लातूरची_लेक
ज्याला नको त्यानं उघडू नये, त्यासाठीच ती झाकलेली असते. उघडल्यावर आत विनोद निघाला तर तो फक्त ओनरला हसवतो.

बालाघाट
लेकीशी सहमत. त्यात भर, शिळ्या हिंटा. 'बाभळीच्या बुंध्याशी' लिहिलेलं असतं आणि बाभूळ रस्ता रुंद करताना गेलेली असते. 'पिवळ्या खांबाजवळ' आणि खांबाला आता निळा रंग. उन्हाळ्यात डबा लपवणाऱ्याला ठाऊकच नसतं की भादव्यात तिथं कमरेएवढं गवत होतं. वर्षातून एकदा जाऊन बघायला ओनरचं काय जातं?

फिरस्ता_जालना
गवत आणि दगड निघालेच आहेत तर सांगतो. दगडाखाली, कपारीत हात घालू नका! आधी काठीनं ठोका, दगड उचलायचाच असेल तर उघडणारी बाजू आपल्याकडं नाही, पलीकडं राहील असा उचला. असल्या कोरड्या दगडी जागेत फुरसं असतं, वीतभर दिसतं आणि मातीच्याच रंगाचं. विंचवाचं तर बोलूच नका. डबा उद्याही सापडेल.

हातातलं_जीपीएस
म्हणूनच म्हणतो, हातात दणकट यंत्र असावं.

गोदाकाठी
फुरशाला इट्रेक्स दाखवणार का?

कोथरूडकर
मूळ मुद्दा. आकडे हातानं टाकले का? साइट अंश आणि दशांश मिनिटं देते. ५.५०० मिनिटं म्हणजे ५ मिनिटं ३० सेकंद. ते कोणी ५ मिनिटं ५० सेकंद असं वाचलं तर उत्तर-दक्षिण ६०० मीटरचा फरक पडतो. मग हिंट कितीही चांगली असो.

मोंढानाका
हातानं काहीच टाकलं नाही, सगळं ॲपमधून. मी रेलिंगपाशीच उभा असतो, अंतर दोन-तीन मीटर दाखवतं.

लातूरची_लेक
रेलिंग??? हे आत्ता सांगताय? लोखंडी आहे का?

मोंढानाका
लोखंडीच. कठड्याला लावलेलं, खाली दरी. म्हणजे पॉइंटच म्हटलं की रेलिंग आलंच ना.

लातूरची_लेक
मग ऐंशी टक्के नॅनो. शर्टाच्या बटणाएवढी काळी डबी, मागं चुंबक. वरून बघून काही दिसत नाही. आडव्या पाइपच्या खालच्या अंगानं बोट फिरवत जा, मग उभा खांब जिथं प्लेटला जोडलाय तिथं, मग नटबोल्ट. एखादा बोल्ट बाकीच्यांपेक्षा जास्त निघाला तर तो फिरवून बघा. आत कागदाची सुरळी असते, चिमटा आणि बारीक टोकाचं पेन न्या. त्या कागदावर नाव आणि तारीख, बास, कविता लिहू नका, जागा नसते.

आणि कठड्याच्या बाहेर वाकायचं नाही. टेरेन दोन लिहिलंय, म्हणजे जे आहे ते आतल्या बाजूनं हाताशी यायला हवं.

मोंढानाका
हे झालं बोलणं! पण रेलिंगला बोटं लावत फिरायलो की लोक बघतात. मागच्या खेपेला एक शेळ्या चारणारे मामा थेट येऊन म्हणाले, "गुप्तधन शोधायलेत का?" मी म्हटलं, खेळ आहे मामा. ते म्हणाले, "सगळे असंच सांगत्यात."

वाचनमात्र
हे हसण्यावारी नेऊ नका. गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी प्रकारांवर राज्यात २०१३ पासून कायदा आहे आणि गावात त्याबद्दल संशय लगेच येतो. ॲपचं पान मराठीत समजावता आलं पाहिजे. सगळ्यात चांगलं म्हणजे मामांना सोबत शोधायला बोलवा. कुदळ, पहार गाडीतसुद्धा नको. जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय डबा पुरणं या खेळात चालत नाही.

फिरस्ता_जालना
मग देवगिरीच्या पायथ्याला एक टाकतो म्हणतोय, तिथं पर्यटकांची गर्दी असते, कोणी संशय घेणार नाही.

कोथरूडकर
संरक्षित स्मारक आहे ते. पुरातत्त्वाचा १०० मीटरचा नियम वाचा.

वाचनमात्र
तो १०० मीटरचा नियम बांधकामाचा, डब्याचा नव्हे. पण डबा तिथं नकोच. ऐतिहासिक जागी शोधणारे लोक दगड हलवतात, फटीत बोटं घालतात, म्हणून जागेच्या मालकाची परवानगी लागते आणि ती किल्ल्यात कोण देणार? अशा ठिकाणी डब्याशिवायचे प्रकार आहेत. अर्थकॅशमध्ये जागा बघून भूगर्भाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं ओनरला पाठवायची असतात. लोणारसारखी जागा त्याला उत्तम.

बालाघाट
लोणार बुलढाण्यात येतं, विदर्भात. धागा मराठवाड्याचा आहे.

वाचनमात्र
'सारखी' लिहिलंय.

हुरडाप्रेमी
लोणारला जाणार असाल तर मंठ्यामार्गे जा.

मोंढानाका
जाऊन आलो. आडवे पाइप झाले, प्लेटा झाल्या, बोल्ट झाले. काहीच नाही. रेलिंगचा एक तुकडा मात्र नवाकोरा आहे, वेल्डिंगवर अजून गंज चढलेला नाही. आकडे नेमके तिथंच शून्य दाखवतात.

लातूरची_लेक
आता तरी शेवटच्या 'सापडला' लॉगची तारीख सांगा.

मोंढानाका
दोन वर्षांपूर्वीचा. त्यानंतर सगळे डीएनएफ, म्हणजे 'सापडला नाही'. प्रत्येकानं लिहिलंय 'हिंट कळली नाही'.

कोथरूडकर
मी हेच पहिल्या प्रतिसादात विचारलं होतं.

लातूरची_लेक
डबा जुन्या रेलिंगबरोबर भंगारात गेला असणार. तुम्हीही डीएनएफ टाका. लोक कमीपणा वाटून टाकत नाहीत आणि पुढचा माणूस पेट्रोल जाळत येतो. त्यात रेलिंगचा तुकडा बदललाय हे स्पष्ट लिहा आणि ओनरचं लक्ष हवं असा लॉगही करा. त्यानं काही केलं नाही तर साइटचा तपासनीस (रिव्ह्यूअर) डबा बंद करतो आणि पुढं कायमचा काढून टाकतो. मग ती जागा मोकळी. दोन डब्यांत १६१ मीटर अंतर लागतं, त्यामुळं हा मेलेला डबा तिथं असेतोवर तुम्हाला नवा टाकता येणार नाही.

गोदाकाठी
आणि नवा टाकलात तर हिंट आम्हाला आधी दाखवा.

मोंढानाका
दोन्ही लॉग टाकले. ओनरचं उत्तर आत्ताच आलं. लिहिलंय, 'डबा जागेवरच आहे. नवीन हिंट देतो. खाली वाका.'

बालाघाट
कुठं उभं राहून?