पहिली चूक पेशंटच्या डोळ्यात का व्हावी? मोतीबिंदू शिकवताना सिम्युलेटर सक्तीचा करावा का

रंकाळाकाठ (धागाकर्ती)
डोळ्यांच्या सर्जरीत एमएस करत होते तेव्हाची माझी मोतीबिंदूची तिसरी केस. राधानगरीकडचे सत्तरीचे आजोबा. रेक्सिस, म्हणजे भिंगाच्या पिशवीला पुढून साधारण ५ मिलिमीटरचं गोल तोंड पाडायचं असतं. माझी कड पळाली. चीर परिघाकडून मागं गेली आणि विट्रियस, म्हणजे डोळ्याच्या मागच्या भागातला जेलीसारखा पदार्थ, पुढं आलं. सरांनी केस हातात घेतली. आजोबा चादरीखालून विचारत होते, "झालं का गं पोरी?" पुढं त्यांना दिसायला लागलं, पण एसटीच्या किती फेऱ्या वाढल्या ते मला ठाऊक आहे.

मागची पिशवी, म्हणजे त्याच पिशवीची मागची बाजू, मध्यभागी जेमतेम ४ मायक्रॉन जाड, केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ. तिच्याभोवती काम करायला हात शिकतो तो कुणाच्या तरी जिवंत डोळ्यावर.

जर्मनीत तयार झालेला आयसी सिम्युलेटर, म्हणजे ऑपरेशनची नक्कल करून सराव देणारं यंत्र, मी एका कार्यशाळेत हाताळला. पुतळ्याचं डोकं, त्याच्या डोळ्यात घालायची अवजारं, मायक्रोस्कोपमधून खोलीसकट दिसणारं चित्र, पायाखाली पेडल. बुबुळाला धक्का लागला की गुण कापले जातात. रेक्सिस पळाली की पुन्हा नव्यानं सुरू. ब्रिटनमध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊ सर्जनांकडून मागची पिशवी फाटण्याचं प्रमाण २००९ मध्ये ४.२ टक्के होतं, २०१५ मध्ये २.६ वर आलं. याच काळात तिथं हे सिम्युलेटर पसरले.

माझं म्हणणं: सिम्युलेटरवर पास झाल्याशिवाय रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, ओटीत मुख्य स्टुलावर बसू देऊ नये. ते गुण लॉगबुकात, म्हणजे त्याच्या प्रशिक्षणाच्या नोंदवहीत, यावेत.

गडहिंग्लज_नेत्र
डॉक्टर, तुमची कळकळ पटते, सक्ती पटत नाही. पंचवीस वर्षं शिबिरातल्या केसेस करतोय. आपल्याकडं येतो तो पिकून तपकिरी झालेला दगडासारखा मोतीबिंदू. बाहुली नीट उघडत नाही, म्हातारी मध्येच खोकते, दमेकऱ्याला सपाट झोपवत नाही. अशा डोळ्याला मी फेको (बारीक छेदातून मोतीबिंदू अल्ट्रासाउंडनं फोडून ओढून घेणं) न करता एसआयसीएस करतो: डोळ्याच्या भिंतीत पात्यानं तिरकस बोगदा करायचा, त्या मोठ्या बोगद्यातून न्यूक्लियस, म्हणजे भिंगाचा कडक गाभा, अख्खा बाहेर. तुम्ही सांगताय ते यंत्र मुख्यतः फेको शिकवणारं. बोगदा किती खोल गेला हे पात्याखाली हाताला कळावं लागतं.

आम्ही बोकडाच्या डोळ्यांवर शिकलो. सीनियर शेजारी बसून एकेक पायरी सोडायचे: आज फक्त बोगदा, पुढच्या आठवड्यात फक्त लेन्स टाकणं. अख्खी केस हातात यायला महिने जायचे. तुमची तिसरी केस तुमच्याकडं एवढी मोकळी सोडली कुणी? चूक तिथं झाली. त्या यंत्राच्या पैशात जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवायचे मायक्रोस्कोप घ्या, सीनियरलाही बघता यावं म्हणून दुसऱ्या आयपीससकट.

उद्यमनगर_सीएनसी
मी डॉक्टर नव्हे, पण बोलतो. आमच्या कारखान्यात संगणकाच्या प्रोग्रामवर धातू कापणारी मशिनं आहेत. तिथं नवा पोरगा प्रोग्राम आधी स्क्रीनवर चालवतो, मग जॉब, म्हणजे कापायचा धातू, न लावता ड्राय रन, मग पहिला पीस. टूल आपटला तर स्पिंडल जातो म्हणून मालक एवढं करतो. एक मात्र खरं, स्क्रीनवर हुशार असलेल्या पोराला टूल चॅटर करतोय, म्हणजे कापताना थरथरतोय, हे आवाजावरनं कळत नाही. ते जुन्या माणसाजवळ उभं राहूनच कळतं. म्हणून काय कुणी ड्राय रन बंद केला नाही.

आकडे_नीट_वाचा
शिकवायला जरूर वापरा. परीक्षेला वापरण्याला माझा ठाम विरोध. डेन्मार्कमध्ये नवखे आणि मुरलेले सर्जन एकाच यंत्रावर बसवून पाहिले, तर सरावाच्या १३ पैकी ७ प्रकारांतच दोघांतला फरक गुणांत दिसला. बाकीच्या सहांच्या गुणांवरून कुणाला अडवणार? शिवाय ब्रिटनचा आकडा मागं वळून पाहिलेल्या नोंदींचा आहे. त्या सहा वर्षांत देखरेखही सुधारली असेल. आणि गुण लॉगबुकात गेले की पोरं गुणांसाठीच सराव करतील, हे बारावीच्या क्लासवाल्या गावाला मी सांगायला नको.

पन्हाळारोड
माझ्या आईचं पुढच्या महिन्यात शिबिरातून ऑपरेशन आहे. शिकाऊ डॉक्टर करणार असतील तर आम्हाला सांगतात का? वाचून रात्रभर झोप नाही.

रंकाळाकाठ
@पन्हाळारोड, दादा, थेट विचारा: ऑपरेशन कोण करणार, आणि सीनियर शेजारी बसणार का? संमतीपत्रावर सही करण्याआधी हे विचारायचा तुमचा हक्क आहे. शिकाऊ हात म्हणजे वाईट हात नव्हे. सीनियर जवळ असला तर बहुतेक केसेस नीट पार पडतात.

@आकडे_नीट_वाचा, परीक्षेपुरतं मागं येते. सातच प्रकार घ्या, आणि निकाल "अजून सराव हवा" एवढाच असू दे. पण सराव सक्तीचाच हवा, त्यावर मी हलणार नाही.

@गडहिंग्लज_नेत्र, सर, तुमचं बोट बरोबर जागी पडलं. मला घाईनं सोडलं होतं. पण सगळीकडं तुमच्यासारखा सीनियर शेजारी नसतो, त्या पोरांचं काय? एसआयसीएससाठी हाताला दाब जाणवणारे सिम्युलेटरही आता आहेत, हेल्पमीसी या संस्थेचे. आणि बोकडाची पिशवी माणसापेक्षा जास्त ताणते. तिच्यावर सुबक गोल पाडून मी फसव्या विश्वासानं ओटीत गेले होते. बोगद्यासाठी मात्र तेच डोळे हवेत. एखाद्या शनिवारी आमच्या रेसिडेंटना शिकवायला याल का? मटणाच्या दुकानातून डोळे मी आणते.

गडहिंग्लज_नेत्र
येतो. सकाळी कापलेल्याचेच घ्या आणि ओल्या कापडात, बर्फावर आणा. दुपारपर्यंत कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, धुरकट होतो, मग आतलं काही दिसत नाही.