झोन २ मध्ये (दम न लागता सावकाश पळण्याचा ठोक्यांचा टप्पा) पळताना हृदयाचे ठोके धरायचे की वेग? मदत हवी आहे

वय ४२, सकाळी अंथरुणातच मोजलेले ठोके ५८, कमाल १८४ (२२० वजा वय नव्हे, चढावर पूर्ण दम लागेपर्यंत पळून मोजलेले). बीपीची गोळी नाही. कमालच्या ६०-७० टक्के धरले तर झोन २ येतो ११०-१२९, कार्व्होनेन सूत्राने (कमाल आणि सकाळचे ठोके यांतल्या फरकाचे ६०-७० टक्के, अधिक सकाळचे ठोके) १३४-१४६. रंकाळ्याच्या सपाट वाटेवर १२९ च्या आत राहायचं तर चालावंच लागतं. १४० ला सावकाश पळत अख्खी वाक्यं बोलता येतात, म्हणून कार्व्होनेनच धरलंय. पण पाऊण तासानंतर त्याच वेगात ठोके १५२ वर सरकतात, पाणी पिऊन, पहाटे पळूनही. मनगटावरचं घड्याळ कधीकधी पावलंच ठोके म्हणून मोजतं, त्यामुळे छातीचा पट्टा ओला करूनच बांधतो. झोन ठरवणारी लॅब टेस्ट सध्या नको. अशा वेळी वेग उतरवून १४६ च्या आत यायचं, की बोलता येतंय तोवर तोच वेग ठेवायचा?