प्रति: महोत्सवांवर पालिकेचा पैसा

दोन्ही बाजू वाचल्या. एकांचं म्हणणं, महोत्सवांवर पालिकेने खर्च करणं ही उधळपट्टी. दुसऱ्यांचं, जुना शहरभाग त्यानेच पुन्हा जिवंत होतो. मला इथे दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा या परिसराचं उदाहरण द्यावंसं वाटतं.

तिथला कला महोत्सव १९९९ पासून जवळजवळ दर वर्षी भरतो. मुख्यतः प्रायोजकांच्या पैशावर चालतो, प्रवेश फुकट, आणि परिसरातल्या वारसा इमारतींची डागडुजी हाही त्यामागचा हेतू. त्या दिवसांत तिथला रॅम्पार्ट रो हा रस्ता गाड्यांना बंद असतो, लहान मुलं रस्त्याच्या मधोमध बसून चित्रं काढतात. हे मोलाचं आहेच.

पण गर्दीने परिसर तरतो, हे पटत नाही. महोत्सव चांगला नावारूपाला आलेला असतानाही शेजारचं रिदम हाऊस हे संगीताचं जुनं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. जवळचं एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, जिथे १८९६ मध्ये ल्युमिए बंधूंची चलतचित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली, ते इतकं मोडकळीला आलं की २०१९ मध्ये रिकामं करावं लागलं. मालक-भाडेकरूंचे वाद आणि वर्षानुवर्षं रखडलेली दुरुस्ती नऊ दिवसांच्या उत्सवाने कशी सुटणार?

तेव्हा पालिकेने पैसा जरूर घालावा, पण मंडप आणि रोषणाईवर नको. सलग फुटपाथ, बसायला बाकं आणि बायकांना बिनधास्त वापरता येतील अशी स्वच्छतागृहं, तीही बाराही महिने. आणि अनुदान दिलंच, तर त्याचा पै-पैचा हिशेब पालिकेच्या संकेतस्थळावर दिसला पाहिजे.