आकर्षणे, ओढणे की वेध लावणे? (नाताळच्या संदेशाचं भाषांतर)

नगरची_लेखणी:
मंडळी, मदत हवीय. आमच्या चर्चमध्ये नाताळच्या आधीच्या रविवारी बाहेरचे एक पाहुणे इंग्रजीतून संदेश देणारेत आणि मी शेजारी उभं राहून तो मराठीत सांगणार आहे. विषय त्यांनी आधीच पाठवलाय, शोध घेणाऱ्या माणसांना देव आपल्याकडे कसा... आणि इथेच गाडी अडली. त्यांचं सगळं बोलणं त्या एका क्रियापदावर (इंग्रजी draw) उभं आहे, बाळ येशूला बघायला आलेले मेंढपाळ, पूर्वेकडून आलेले मागी लोक, मंदिरात त्याला भेटलेले शिमोन आणि हन्ना, प्रत्येकाच्या गोष्टीत तेच येतं. बायबलमधल्या योहान ६:४४ या वचनात आपल्याकडे पित्याने ‘आकर्षिल्याशिवाय’ कोणी येऊ शकत नाही असं आहे म्हणून मी सरळ ‘आकर्षित करतो’ लिहिलं, तर तरुण संघातली मुलं म्हणाली ताई हे साड्यांच्या सेलसारखं वाटतं, आकर्षक सूट वगैरे. मग ‘ओढतो’ केलं, तर वडीलमंडळी नको म्हणाली, ‘हे लोकांना ओढतात’ हा आरोप आपल्यावर आधीच होतो, तोच शब्द स्टेजवरून कशाला. ‘बोलावतो’ घ्यावं तर मागी लोकांना कुणी बोलावणं पाठवलंच नव्हतं, ते तारा बघून स्वतः निघाले. मला असा शब्द हवाय ज्यात पुढाकार देवाचा असेल पण पाय त्या माणसाचेच चालत असतील.

मोडीवाचक:
ताई, बदलू नका. आकर्षणे हाच शब्द बरोबर आहे. मूळ धातू कृष्, म्हणजे ओढणे, नांगरणे. त्यावरूनच कृषी, कर्षण, गुरुत्वाकर्षण. म्हणजे आकर्षणे आणि ओढणे यांत मुळात फरक नाहीच, एक संस्कृत आणि एक देशी एवढंच. दुकानदारांनी शब्द वापरून गुळगुळीत केला म्हणून आपण तो टाकून द्यायचा का? असे एकेक सोडत गेलो तर भाषेत उरणार काय?

हभप_नातू:
कृष् वरूनच कृष्ण! सगळ्यांना ओढून घेतो तो कृष्ण. आमचे आजोबा कीर्तनात हे कायम सांगायचे.

मोडीवाचक:
आजोबांबद्दल आदर ठेवून सांगतो, कृष्ण म्हणजे काळा, सावळा. कृष्णपक्ष, कृष्णविवर. ओढून घेणारा ही भक्तांनी केलेली फोड आहे. सुंदर आहे, पण व्युत्पत्ती नाही.

हभप_नातू:
भक्तांनी केली म्हणून ती खोटी ठरत नाही. ताईंचा प्रश्न भक्तीचा आहे, कोशाचा नाही.

आगाशीकर:
मोडीवाचक, धातू बरोबर आहे हो तुमचा, पण लोक चर्चमध्ये धातुकोश घेऊन बसत नाहीत. शब्द कानावर पडला की जे पहिल्यांदा मनात येतं तोच त्याचा आजचा अर्थ. आमच्याकडे वसईत फादर लोक प्रवचनात ‘देवाची ओढ लागते’ असं म्हणतात आणि कुणालाही ते खटकत नाही. ‘ओढतो’ आणि ‘ओढ लागते’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे बघा. ओढतो म्हटलं की मनगट धरलेलं दिसतं, ओढ लागते म्हटलं की माणूस आपणहून उंबरा ओलांडतो.

नगरची_लेखणी:
आगाशीकर, हे आवडलं, पण ‘ओढ लागते’मध्ये कर्ता गायब होतो ना! ओढ कुणी लावली? पाहुण्यांचा मुद्दाच तो आहे. ‘देव ओढ लावतो’ म्हणून बघितलं, चालतंय, पण थोडं बनवल्यासारखं वाटतं.

ग्रीकचा_विद्यार्थी:
योहान ६:४४ मधलं मूळ ग्रीक क्रियापद हेल्को. योहानाच्याच शुभवर्तमानात ते आणखी कुठे येतं बघा म्हणजे त्याचं वजन कळेल. पेत्र तलवार उपसतो (१८:१०) तिथे हेच. शिष्यांना माशांनी भरलेलं जाळं ओढवत नाही आणि मग पेत्र १५३ मासे असलेलं जाळं काठावर ओढून आणतो (अध्याय २१) तिथेही हेच. प्रेषितांची कृत्ये १६:१९ मध्ये पौल आणि सीला यांना धरून बाजारात अधिकाऱ्यांपुढे ओढत नेतात, तिथेसुद्धा. म्हणजे शब्दात जोर आहेच, तो काढून टाकता येणार नाही. आणि १२:३२ मध्ये येशू म्हणतो मला उंच केलं म्हणजे मी सगळ्यांना माझ्याकडे... तिथेही तोच. त्यामुळे वडीलमंडळींची अडचण समजते, पण ओढण्यातली ताकद घालवली तर योहानाचं म्हणणंच पातळ होतं.

आगाशीकर:
पण संत ऑगस्टिनने याच वचनावर बोलताना हाच प्रश्न घेतलाय की, ओढलं तर मग ते माझ्या इच्छेने कसं झालं? आणि तो म्हणतो की मेंढीला हिरवी डहाळी दाखवली की ती ओढली जाते, लहान मुलाला अक्रोड दाखवले की ते धावत येतं, दोरी कुठेच नाही. ज्याला जे मनापासून आवडतं तेच त्याला ओढतं. चौथ्या-पाचव्या शतकातला माणूस आहे हा, म्हणजे आपण इथे जे भांडतोय ते त्यानेही भांडून झालंय.

खानदेशी_बहीण:
मेंढीची गोष्ट वाचली आणि ‘ओढाळ’ आठवलं. आमच्याकडे वढाळ म्हणतात. दावं तोडून दुसऱ्याच्या शेतात घुसणारं जनावर ते वढाळ. बहिणाबाईंचं ‘मन वढाय वढाय’ तेच. म्हणजे मराठीत ओढ ही फक्त ओढणाऱ्याची नसते, जाणाऱ्याचीही असते, हाकललं तरी ते परत तिकडेच जातं. ताईंना पाय त्या माणसाचेच हवेत ना, मग ओढ बरोबर आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून सगळं बायबल हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं ते साध्या बायामाणसांना कळावं म्हणूनच. जड शब्दाला भिऊन नाही, समोरच्या माणसाकडे बघून शब्द निवडायचा.

दिगंतर:
मी ख्रिस्ती नाही, हौशी आकाशनिरीक्षक आहे, पण मागी लोकांची गोष्ट माझी फार जवळची आहे म्हणून लिहितो. ताई, निदान मागींसाठी तरी मराठीत तयार शब्द आहे, ‘वेध’. आम्ही ताऱ्यांचा वेध घेतो, म्हणून वेधशाळा. आणि एखाद्या गोष्टीचे वेध लागतात तेव्हा माणसाला दुसरं काही सुचत नाही, पेरणीचे वेध, वारीचे वेध. ते लोक आयुष्यभर आकाशाचा वेध घेत बसलेले आणि एका रात्री त्यांनाच वेध लागले. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने गणित करून इ.स.पू. ७ मधली गुरू-शनी युती दाखवली होती, मीन राशीत एकाच वर्षात तीनदा, तोच तो तारा असं काहींचं मत आहे, काही धूमकेतू म्हणतात, त्या वादात जात नाही. मला भिडतं ते असं की ज्या भाषेत त्यांना वाचता येत होतं त्याच भाषेत त्यांना निरोप आला. मेंढपाळांना तारा दाखवून उपयोग नव्हता, तारे तर ते रोज रात्री बघायचे.

हभप_नातू:
वा दिगंतर! ‘कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु, येणे मज लावियेला वेधु.’ माऊलींनी कर्तासुद्धा दिलाय बघा. येणे. याने मला वेध लावला. ताईंची अडचण तिथेच सुटते, देव वेध लावतो.

मोडीवाचक:
वेध म्हणजे व्यध्, भोसकणे. कर्णवेध म्हणजे कान टोचणे. ओढण्याला घाबरणारी मंडळी टोचण्याला कशी तयार होतील? शिवाय ग्रहणाचेही वेध लागतात आणि त्या वेळात लोक जेवत नाहीत. अशुभाची छटा आहे त्या शब्दाला.

हभप_नातू:
टोचतंच ते. टोचल्याशिवाय कुणी घर सोडून निघत नाही.

ग्रीकचा_विद्यार्थी:
टोचण्यावरून एक, शिमोन मंदिरात बाळाला हातात घेतो आणि लगेच मरीयेला सांगतो की तुझ्याही जिवातून तलवार आरपार जाईल (लूक २:३५). त्यामुळे वेधमधली जखम मला परकी वाटत नाही. माझी हरकत वेगळी आहे. चर्चमध्ये विठ्ठलाचा शब्द चालेल का?

नगरची_लेखणी:
आमच्याकडे नक्की चालेल, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग आम्ही दर रविवारी गातो. शब्द काही कुणा एकाच्या नावावर नसतो.

पर्वरीकर:
सगळे मागी मागी म्हणताय पण मला लहानपणी वाटायचं की मागी म्हणजे मागणारे, देवाकडे काहीतरी मागायला आलेले. आमच्या गोव्यात मात्र ते राजेच. मांडवीच्या काठावर रेइश मागुशचा किल्ला आणि चर्च आहे, ६ जानेवारीला तिथे तीन रायांचें फेस्त असतं, चांदर आणि कासावलीलाही, गावातली तीन मुलं राजांचा पोशाख करून मुकुट घालून येतात. त्यामुळे कुठल्या तरी नव्या बायबलमध्ये ‘ज्ञानी लोक’ वाचलं तेव्हा मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

ग्रीकचा_विद्यार्थी:
ही गोष्ट ज्याच्या शुभवर्तमानात आहे त्या मत्तयाने राजेही म्हटलं नाही आणि तीनही म्हटलं नाही. दानं तीन म्हणून माणसं तीन धरली, आणि राजे आले ते जुन्या करारातल्या स्तोत्र ७२ आणि यशया ६० वरून. मागणाऱ्यांशी काही संबंध नाही, शब्द जुन्या पारशी ‘मगु’वरून, तिकडच्या पुरोहितांचा वर्ग. आपल्याकडे सूर्यपूजक ‘मग’ ब्राह्मण भविष्यपुराणात येतात, शाकद्वीपी म्हणतात ते, तोच शब्द. ‘मागी’ ठेवावा, ‘ज्ञानी’ने फसगत होते. कारण त्या गोष्टीत खरे ज्ञानी यरुशलेमेत बसलेले आहेत! राजा हेरोद विचारतो की ख्रिस्ताचा जन्म कुठे व्हायचा, आणि मुख्य याजक व शास्त्री मीखा संदेष्ट्याचं वचन काढून लगेच उत्तर देतात, बेथलेहेम. यरुशलेमेपासून बेथलेहेम जेमतेम ८-९ किलोमीटर. पण त्यांच्यातला एकही जण उठून गेल्याचं मत्तय सांगत नाही. माहिती होती, ओढ नव्हती. आणि ज्यांना ओढ होती त्यांच्याकडे वचन नव्हतं, तारा बघून ते आधी यरुशलेमेपर्यंत आले, पुढचं गाव त्यांना शास्त्र्यांच्या उत्तरामुळे कळलं. मला या प्रसंगाइतकं दुसरं काही हलवत नाही.

नगरची_लेखणी:
हे मी पाहुण्यांना कळवणार आहे. सध्या असं ठरवलंय, मेंढपाळांसाठी ‘बोलावतो’ कारण तिथे देवदूत प्रत्यक्ष बोलतो, मागींसाठी ‘वेध लावतो’. शिमोन आणि हन्नासाठी अजून सुचलं नाही. ते तर लांब कुठे गेलेच नाहीत, यरुशलेमेतच वाट बघत होते, हन्ना तर मंदिर न सोडणारी, चौऱ्याऐंशीची. तिथे ‘ओढतो’ बसतच नाही.

मोडीवाचक:
एका क्रियापदाची तीन केलीत तर वक्त्याचा मुद्दाच मोडला. तो एकच शब्द मुद्दाम घोळवतोय.

आगाशीकर:
मुद्दा पोचला म्हणजे झालं. इंग्रजीचं एक क्रियापद म्हणून मराठीनेही एकच द्यायचं अशी सक्ती कशाला?

खानदेशी_बहीण:
थोडं बाजूचं विचारते. सोनं, ऊद आणि गंधरस असं आहे ना, तर गंधरस म्हणजे आपला हिराबोळच ना? आमच्याकडे बाळंतिणीला हिराबोळ गुळातून गोळी करून देतात. मी लहानपणापासून समजत होते की ते लोक बाळंतिणीच्या घरी जाताना शहाणपणाने औषध घेऊन गेले.

ग्रीकचा_विद्यार्थी:
हो, हिराबोळच. पण चर्चमध्ये त्याचा अर्थ मरणाकडे लावतात, कारण निकदेम येशूच्या दफनासाठी गंधरस आणि अगरू घेऊन येतो (योहान १९:३९).

खानदेशी_बहीण:
दोन्ही असू दे की. मरीया ओली बाळंतीण नसेल तरी घरात तान्हं बाळ होतंच. मत्तयात ते ‘घरात’ जातात, गोठ्यात नाही.

पर्वरीकर:
आणि ऊद? अरबीत ऊद म्हणजे लाकूड, अत्तरवाले अगरूच्या लाकडाला ऊद म्हणतात. मराठीत धुपाटण्यात टाकतो तो ऊद तर डिंक आहे. मग मागींनी नेमकं काय आणलं?

मोडीवाचक:
डिंकच. अरबी लुबान, त्याचा आपला लोबान. पण आपल्या बाजारातला ऊद आणि लोबान पुन्हा वेगळे.

खानदेशी_बहीण:
आमच्या सातपुड्यात सालईचा डिंक धूप म्हणून जाळतात, तो लुबानाच्या झाडाचा भाऊबंदच. मग ऊद न म्हणता सरळ धूप का नाही म्हणत?

मोडीवाचक:
धूप म्हणजे काय जाळलं ते कळत नाही, नुसता धूर कळतो. यावर वेगळा धागा काढा, ताईंचा शिमोन अजून तसाच राहिलाय.