येऊरचा उतार आणि माझी कंबर

ठाण्याचा येऊरचा डोंगर उतरून आल्यापासून मांड्या भरून आल्यात, कायरोप्रॅक्टरकडे (हाताने झटका देऊन मणके-सांधे मोकळे करणाऱ्याकडे) जाऊ का, असं तुम्ही विचारलंय. दोन-तीन दिवस थांबा. सवय नसताना उतार उतरला की स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ठणका 24 ते 72 तासांत सर्वात जास्त असतो, मग आपसूक ओसरतो. लॅक्टिक अ‍ॅसिडला उगाच दोष देतात, ते तासा-दीड तासात निघून जातं. हलकं चाला, शेक घ्या, नीट झोपा.

माझी कंबर मात्र चार महिने धरली होती. ठाणे-वाशी लोकलमधून उतरताना दांडा घट्ट पकडून आधी उजवा पाय टेकवायचा, मग हळूच बाकीचं शरीर. तीन महिन्यांवर गेलेलं दुखणं वेगळं असतं. डॉक्टरांना दाखवून मगच मी कायरोप्रॅक्टरकडे गेले. ‘कट’ आवाजाने हाड जागेवर बसत नाही, सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, इतकंच. वाकणं सोपं झालं खरं, पण टिकलं ते रोजच्या व्यायामाने.

मानेला झटका मात्र देऊ देऊ नका. क्वचित का होईना, रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. आणि पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.