मुंबईत दोन दिवस आहेत, बाबांना कुठली थिएटरं दाखवू?

पंचगंगाकाठ:
मंडळी जरा मदत पाहिजे. पुढच्या महिन्यात बाबांना घेऊन मुंबईला जायलोय, ताईकडं दादरला उतरणार, हातात शनिवार रविवार एवढंच. बाबांना चौपाटी, राणीची बाग यातलं काय नको, त्यांनी एकच सांगितलंय, मला मुंबईची थिएटरं दाखव. माणूस आयुष्यभर पिक्चरवेडा, कुठला पिक्चर बघितला यापेक्षा कुठल्या टॉकीजला आणि बाल्कनीत कुठं बसून बघितला हे त्यांच्या जास्त ध्यानात असतं. आता इथं कोल्हापुरात मल्टिप्लेक्सला नेलं की पिक्चर बघतात, पण बाहेर आल्यावर थिएटरबद्दल एक शब्द बोलत नाहीत, त्याचंच मला वाईट वाटतं. नेटवर याद्या बघितल्या तर सगळीकडं रिक्लायनर न पॉपकॉर्न, ते आम्हाला नकोय. गुडघ्याचा त्रास आहे त्यांना, जिने फार झेपत नाहीत. कुठली थिएटरं बघावीत, क्रम कसा लावावा, आणि नुसतं आत जाऊन बघू देतात का पिक्चरचं तिकीट काढावंच लागतं, जाणकारांनी सांगा राव.

फोर्टातला_कोल्हापुरी:
भावा बाबांना माझा नमस्कार सांग, असला बेत करणारी माणसं कमी राहिलीत. मी हापिसामुळं रोज त्याच भागात असतो म्हणून सांगतो, शनिवार अख्खा दक्षिण मुंबईला दे.

चर्चगेट स्टेशनातनं बाहेर पडलास की समोरच इरॉस. १९३८ सालचं, दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर उभं, लाल दगड आणि पांढरट रंग, वर निमुळता होत गेलेला मनोरा. पहिल्यांदा समोरच्या फुटपाथवरनंच बघा, घाई करून आत शिरू नका. मधली काही वर्षं बंद होतं, २०२४ ला परत उघडलं ते आयमॅक्स होऊन, आता आत एकच मोठा पडदा आणि साधारण तीनशे खुर्च्या. म्हणजे जुना हजारभर खुर्च्यांचा हॉल आता नाही हे बाबांना आधीच सांगून ठेव, नाहीतर आत गेल्यावर हिरमोड होईल. पण बाहेरची इमारत राखलीय, आणि ते थिएटर पाडून टॉवर झाला नाही हेच मला लई मोठं वाटतं.

तिथनं टॅक्सीनं रीगलला जा, कुलाबा कॉजवेच्या तोंडाला, म्युझियमच्या जवळ. १९३३ चं. चार्ल्स स्टीव्हन्स नावाच्या आर्किटेक्टनं बांधलं, त्या काळात एसी होतं आणि गाड्या लावायला खाली तळघर होतं, १९३३ ला! आपल्याकडं आज टॉकीजसमोर स्कूटर लावायला जागा मिळत नाही. रीगलला मात्र तिकीट काढून बसाच, कारण हॉल अजून एकसंध आहे, वर बाल्कनी, खाली स्टॉल, मल्टिप्लेक्ससारखे तुकडे पाडलेले नाहीत. बाबांच्या गुडघ्यासाठी खाली स्टॉलमध्येच मागच्या रांगा घे. सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी आत जाऊन बसा, दिवे चालू असतात तेवढ्यातच छत आणि भिंती नीट बघून होतात, एकदा अंधार झाला की संपलं. इरॉस आणि रीगल दोन्ही २०१८ ला युनेस्कोच्या जागतिक वारशात आलेल्या भागात आहेत, तिथली ती सगळी आर्ट डेको, म्हणजे १९३०-४० च्या काळातल्या त्या खास घाटाच्या इमारतींची रांगच त्यात धरलीय.

तिसरं लिबर्टी. माझं सगळ्यात लाडकं. १९४९ चं, स्वातंत्र्य मिळालं म्हणून नाव लिबर्टी, आणि सुरुवातीपासनं हिंदी पिक्चरसाठी. त्या काळात दक्षिण मुंबईतली चांगली थिएटरं म्हणजे इंग्रजी पिक्चर हे ठरलेलं होतं, तिथं एका माणसानं हिंदी पिक्चरसाठी असलं राजेशाही थिएटर उभं केलं. आतली सजावट वामन नामजोशींची, आपला मराठी माणूस, जयपूरचं राज मंदिर पण त्यांचंच. पडद्याच्या दोन्ही बाजूला प्लास्टरमधी कारंजी काढलीत, पाणी वर उसळून थिजल्यासारखी, आणि त्यांच्या मागनं दिवे लागतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पिक्चर सुरू झालेला कळला नाही मला. फक्त एक आहे, तिथं रोजचे खेळ नसतात, महोत्सव किंवा कार्यक्रम असला तरच उघडं, त्यामुळं निघायच्या आधी फोन करून विचार. बंद असलं तर दारावरच्या माणसाला सांग, वडील लांबनं बघायला आलेत म्हणून. मनावर असतं त्यांच्या, पण विचारायला काय जातंय.

शिवाजी_पेठ:
वरच्या भावानं दक्षिण मुंबई सांगितली ते बरोबर, पण दादरला उतरणार आणि प्लाझा नाही बघणार म्हणजे काय! कोल्हापूरच्या माणसानं पहिलं पाऊल प्लाझात टाकायला पाहिजे. ते व्ही. शांतारामांचं थिएटर. शांताराम म्हणजे आपले, १९०१ ला कोल्हापुरात जन्मले, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकले, मग १९२९ ला आपल्या गावातच प्रभात फिल्म कंपनी काढली, १९३३ ला प्रभात पुण्याला गेली, पुढं १९४२ ला ते प्रभातमधनं बाहेर पडले आणि परळला राजकमल स्टुडिओ उभा केला. आणि आज प्लाझात मराठी पिक्चर लागतो, हाऊसफुल्ल झाला की दादरच्या फुटपाथवर जी गर्दी असते ती बघून बाबांना बरं वाटेल. ताईच्या घरनं चालत जाता येत असेल बहुतेक. रविवारी संध्याकाळचा मराठी पिक्चर तिथंच बघा. आणि १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत त्या थिएटरलापण फटका बसला होता, माणसं गेली तिथं, ते मनात ठेवून आत जा.

तिथनं लालबागचं भारतमाता लांब नाही. गिरणगावातलं थिएटर, गिरणी कामगार पाळी संपवून तिथं मराठी पिक्चर बघायचे. दिसायला साधं आहे, रीगलसारखं छत वगैरे काय नाही, पण आसपासच्या गिरण्या गेल्या, टॉवर आले आणि हे टिकलं. माझ्यासाठी त्याची किंमत लिबर्टीपेक्षा जास्त आहे, खरं सांगतो.

पंचगंगाकाठ:
दादा दोघांचे लई आभार, बाबांना वाचून दाखवलं, शांतारामांचं ऐकल्यावर लगेच म्हणाले प्लाझा पहिलं. त्यांचा अजून एक हट्ट आहे, मराठा मंदिर. ते अजून चालू आहे का? आणि तिथं एकच पिक्चर असतो म्हणतात, मग जायचं कशाला असं ताई म्हणतीय.

आवाज_कमी_करू_नका:
मराठा मंदिर १९५८ चं. मुंबई सेंट्रल स्टेशन आणि एसटी डेपोच्या समोरच, आपली कोल्हापूरची लालपरी ज्या डेपोत जाते तोच. तिथं दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे ऑक्टोबर १९९५ ला लागला तो अजून उतरला नाही, करोनात थिएटरं बंद होती तेव्हढाच खंड. पण दिवसभर तोच नसतो, तो दुपारच्या आधीचा एक खेळ, बाकीच्या खेळांना नवीन पिक्चर असतात. तिकीट आजच्या मानानं अगदी किरकोळ. ताईंना सांगा की तिथं पिक्चरपेक्षा पब्लिक बघायला जायचं. एसटी सुटायला वेळ आहे म्हणून आलेला माणूस, कॉलेज बुडवून आलेली पोरं, बायकोला घेऊन आलेला कुणीतरी ज्यानं लग्नाआधी पण तिथंच बघितलाय, सगळ्यांना संवाद तोंडपाठ. शेवटच्या रेल्वेच्या सीनला अख्खं थिएटर आधीच टाळ्या वाजवायला लागतं.

आता माझा मुद्दा, जरा वेगळा आहे, राग मानू नका. वर सगळ्यांनी इमारतींचं कौतुक केलं, करायलाच पाहिजे, पण बाबा पिक्चरवेडे आहेत ना, मग इरॉसला नुसतं बाहेरनं बघून येऊ नका, आत बसून एखादा मोठा पिक्चर बघाच. लेझर प्रोजेक्शनचा उजेड, वरपासनं खालपर्यंत भरलेला पडदा, हे त्यांनी आजवर बघितलेलं नसणार. तिकीट काढताना मधल्या रांगांच्या थोडं मागं आणि बरोबर मध्ये घ्या, पुढं बसलात तर मान दुखेल आणि पडद्याच्या कडा दिसणार नाहीत. जुन्या सिंगल स्क्रीनला आवाजाची अडचण असते हे पण सांगितलं पाहिजे. हॉल उंच, भिंती प्लास्टरच्या, माणसं कमी असली की संवाद घुमतात आणि शब्द कळत नाही. गर्दी असली की अंगावरचे कपडे, माणसं आवाज शोषून घेतात आणि तोच हॉल एकदम गोड लागतो. म्हणून रीगल असू दे नाहीतर प्लाझा, शनिवार रविवारचा संध्याकाळचा खेळ घ्या, सकाळचा ओस पडलेला खेळ घेऊन नंतर जुन्या थिएटरांना नावं ठेवू नका.

गिरगावची_सून:
माहेर माझं कोल्हापूर, सासर गिरगाव, म्हणून मधे बोलतेय. रॉयल ऑपेरा हाऊस कुणीच कसं लिहिलं नाही? चर्नी रोडला उतरून चालत जाता येतं. १९११ ला पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं, काम पुरं झालं १९१२ ला, पुढं तिथं बरीच वर्षं सिनेमा चालायचा, १९९३ ला बंद पडलं आणि दुरुस्त करून २०१६ ला उघडलं. आता गाण्याचे, नाटकाचे कार्यक्रम असतात, सिनेमा क्वचित. आमच्या सासूबाई अजून सांगतात त्या तिथं कुठले कुठले पिक्चर बघायच्या ते. कार्यक्रम असला तर नक्की जा, आतली झुंबरं आणि घुमटाखालची चित्रं बघून मान वरच राहते. जेवायचं म्हणाल तर मेट्रो थिएटरच्या समोर क्याणी आहे, १९०४ पासूनचं इराणी, ब्रून मस्का आणि चहा घ्या, लिबर्टी तिथनं जवळच. मेट्रो पण १९३८ चंच, मूळ एमजीएम कंपनीचं, २००६ पासनं मल्टिप्लेक्स आहे त्यामुळं बाहेरनं बघितलं तरी पुरे.

काका जिने चढू शकत नाहीत म्हणून एक सांगते, लोकलनं फिरू नका, पूल चढून चढून जीव जाईल. टॅक्सी करा, इरॉस ते रीगल, रीगल ते लिबर्टी काही लांब नाही.

जुना_बाजार:
सगळं वाचलं, छान वाटलं, पण मनात एक आहे ते लिहितो. मुंबईची थिएटरं बघायला आपण जायलोय आणि आपल्या गावाचं काय? बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथं स्वतः बनवला, त्यांचा सैरंध्री हा मूकपट १९२० ला इथनं बाहेर पडला, प्रभात इथं जन्मली. आणि आज रिक्षावाल्याला सांगायचं झालं तर व्हीनस कॉर्नर म्हणायचं, उमा टॉकीजला सोड म्हणायचं, पत्ता म्हणून नाव राहतं आणि आत पिक्चर लागायचा तो दरवाजाच राहत नाही. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ चं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळताना बघितलं त्या रात्री गावात कुणी झोपलं नसेल. दुसऱ्या दिवशी लोक नुसते येऊन उभे राहायचे तिथं. मुंबईत इरॉस उघडलं, ऑपेरा हाऊस उघडलं, म्हणजे मनावर घेतलं तर होतं. तिथं जाऊन आल्यावर बाबांना आणि त्यांच्या वयाच्या सगळ्यांना बसवून आपल्या टॉकीजांचं सगळं लिहून घ्या, कुठं काय होतं, बाल्कनीचं तिकीट केवढ्याला, मध्यंतराला काय मिळायचं, ब्लॅकवाले कुठं उभे राहायचे. ही माणसं आहेत तोवरच ते मिळेल. मी स्वतः आमच्या गल्लीत हे सुरू केलंय, वही भरत आलीय.

पंचगंगाकाठ:
दादा तुमचं शेवटचं वाचून बाबा बराच वेळ गप्प होते, मग स्वतःच सुरू झाले, लक्ष्मीपुरीपासनं सगळ्या टॉकीजा एकामागोमाग एक, कुणाचा गेटकीपर कसा होता इथपर्यंत. मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलंय, पुढचं पण घेणार. तुम्हाला पाठवतो.

बेत असा ठरवलाय, शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं बसायचं, सकाळी दादरला उतरून ताईकडं आंघोळ, चहा. शनिवारी दुपारी इरॉसला आयमॅक्स, मग लिबर्टी उघडं असलं तर आत नाहीतर बाहेरनं, क्याणीत चहा, संध्याकाळी रीगल. एका दिवसात दोन पिक्चर बाबांना झेपतील का असं ताईला वाटतंय, बाबा म्हणतात तीन असले तरी चालतील. रविवारी मराठा मंदिर आणि संध्याकाळी प्लाझा. भारतमाता टॅक्सीतनं जाता जाता. कुठं काय लागलंय ते त्या आठवड्यात बघून तिकिटं काढतो. अजून काय राहिलं असेल तर सांगा.

फोर्टातला_कोल्हापुरी:
बेत झकास आहे. एकच भर घालतो, रविवारी सकाळी मराठा मंदिरच्या आधी वेळ काढता आला तर पेडर रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, २०१९ ला उघडलं, जुन्या गुलशन महाल बंगल्यात आणि शेजारच्या नवीन इमारतीत. मूकपटांपासनं सगळं मांडलंय. सोमवारी बंद असतं, तुमचा रविवार आहे म्हणजे अडचण नाही. पण दोन तास धरूनच जा, पळत बघण्यासारखं नाही ते, आणि वेळ कमी पडायला लागला तर मराठा मंदिरचा तो खेळ सोडून नंतरचा घ्या, हॉल तोच आहे.