लिफ्ट केलेल्या पिकअपला २८५/७० आर१७ टायर : फुल लॉकला मागे घासतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी डबल कॅब पिकअप. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वरचा आणि खालचा असे दोन आर्म), मागे पाटे. मूळ टायर २६५/६५ आर१७ (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत), रिम साडेसात इंची, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या भागाचं अंतर, मिमीत) +३०. पुढे-मागे ५० मिमी लिफ्ट बसवून झाली आहे, अलाइनमेंटही त्यानंतर करून घेतलं. आता २८५/७० आर१७ टाकायचा विचार आहे.

मोठा टायर दिसण्यासाठी नकोय. खडकाळ वाटेवर मागचा डिफ (डिफरन्शियल, मागच्या ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) टेकतो, ही माझी खरी अडचण आहे. लिफ्टमुळे बॉडी आणि चेसिस वर गेली, पण मागचा ॲक्सल होता तिथंच आहे. तो वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. मूळ टायरचा व्यास ७७६ मिमी भरतो, २८५/७० चा ८३१. म्हणजे डिफखाली जवळपास २७ मिमी जास्त मिळतात. खडकावर तेवढे खूप झाले.

मित्राकडून त्या मापाची चाकं आणून पुढे लावून पाहिली. त्याची रिम आठ इंची आहे, ऑफसेट शून्य. सरळ चालवताना काहीच त्रास नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायरची बाहेरची कड व्हील आर्चच्या मागच्या, खालच्या कोपऱ्यात लायनरला (आतल्या प्लास्टिकच्या आवरणाला) घासते. वळलेल्या अवस्थेत ब्रेक दाबला की आवाज आणखी वाढतो. त्या लायनरच्या मागे लगेच बॉडी माउंट (बॉडी चेसिसवर बसते तो आधार) आहे.

इतकी लिफ्ट करूनही जागा का पुरत नाही? बॉडी माउंट कापून वेल्डिंग करण्यावाचून काही उपाय आहे का? चेसिसला हात लावायची माझी अजिबात तयारी नाही. स्पीडोमीटर आणि इंजिनाची ओढ यांवर किती परिणाम होईल, तेही सांगा. मी लांबचा प्रवास भरल्या गाडीनं करतो.

प्रतिसाद

जागा कमी पडतेय ती वर नाही, मागे. लिफ्टनं चाक आणि आर्चचा वरचा भाग यांतलं अंतर वाढतं. चाक वळताना मागच्या कोपऱ्याकडे जे फिरतं, त्यात लिफ्टचा उपयोग फारसा होत नाही.

तुमच्या बाबतीत टायरइतकाच दोष रिमचा आहे. ऑफसेट +३० वरून शून्यावर आला, म्हणजे चाकाचा मध्य ३० मिमी बाहेर सरकला. अर्धा इंच जादा रुंदीचे सहा-एक मिमी त्यात धरा. चाक जितकं बाहेर, तितका वळताना त्याच्या कडेचा घेर मोठा, आणि तीच कड मागे जाऊन घासते. शिवाय स्टिअरिंगला धक्के जास्त बसतात, बेअरिंगवरचा भारही वाढतो. स्पेसर लावले तरी हेच होणार. आधी २८५/७० तुमच्या मूळ रिमवर चढवून बघा. साडेसात इंची रिम त्या टायरला चालते का, हे टायर कंपनीच्या तक्त्यात पाहून घ्या. मग आतल्या बाजूला वरचा आर्म आणि टायर यांत बोटभर तरी फट राहते का, ते तपासा.

दुसरी गोष्ट कॅस्टरची, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याच्या मागे झुकलेल्या कोनाची. पुढची बाजू उचलली की कॅस्टर कमी होतो आणि स्टिअरिंग हलकं, भिरभिरं लागतं. बऱ्याच गाड्यांत खालच्या आर्मला कॅम बोल्ट (फिरवून आर्मची जागा बदलता येणारे बोल्ट) असतात. त्यांनी खालचा बॉल जॉइंट पुढे घेतला तर कॅस्टर वाढतो आणि चाकही थोडं पुढे सरकतं, म्हणजे नेमकी तुम्हाला हवी त्या बाजूला. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) जागेवर ठेवून एवढं पुढे जाता येत नसेल, तर लिफ्टसाठी बनवलेले वरचे आर्म लागतील. अलाइनमेंटवाल्याला नुसतं 'सरळ कर' न सांगता चाक शक्य तितकं पुढे हवंय, हे स्पष्ट सांगा. वळवून ब्रेक दाबल्यावर आवाज वाढतो, कारण ब्रेकच्या जोरानं आर्मचे बुश (सांध्यातले रबर) दबतात आणि चाक मागे येतं. बुश जुने असतील तर आधी तेच बदला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सपाट जमिनीवर घासलं नाही म्हणून काम झालं, असं धरू नका. लिफ्टचा स्प्रिंग उंच असला तरी बंप स्टॉप (चाकाला ठरावीक उंचीच्या वर जाऊ न देणारा रबरी अडथळा) मूळचाच असेल, तर खड्ड्यात आपटल्यावर चाक जुन्याच उंचीपर्यंत वर येतं, आणि आता ते चाक मोठं आहे. चेसिस मजबूत स्टँडवर टेकवून पुढचा शॉक-स्प्रिंगचा संच अख्खा उतरवा, हब जॅकनं बंप स्टॉपपर्यंत उचला आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, यावर लक्ष ठेवा. लायनर कुठं मागे सरकवायचा, ते तिथंच कळेल. हीट गननं नरम करून तो बराच मागे दाबता येतो. पण पत्रा किंवा बॉडी माउंट लागत असेल तर ते माप सोडून द्या. वळणावर टायर चिरला तर गाडी हातात राहत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरच्या सगळ्याशी सहमत. ओढीबद्दल लिहितो. व्यास सात टक्के वाढतोय, म्हणजे स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०७ च्या आसपास असेल. कॅलिब्रेशन करून घ्याच. डिफचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) ३.९ असेल तर तो ३.६५ असल्यासारखा वागेल. भरल्या गाडीला चढावर हे जाणवतं. टायरही जड असतात, त्यामुळे ब्रेकवर ताण वाढतो.

म्हणून २५५/७५ आर१७ चाही विचार करा. व्यास ८१४ मिमी, डिफखाली १९ मिमी जास्त, आणि रुंदी मूळ टायरपेक्षाही कमी. २८५ च्या तुलनेत आठ मिमी उंची सोडावी लागते, पण बाजूला ३० मिमी जागा वाचते. मूळ रिमही तशीच राहते. भार घेऊन जाणाऱ्या गाडीला मी हेच माप सुचवेन. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको.

स्टेपनी विसरू नका. पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये (गरजेपुरती चारही चाकं जोडली जातात अशा गाडीत) एक चाक लहान असेल तर पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना ओढत राहतो. पाचही टायर एकाच मापाचे घ्या, आणि मोठी स्टेपनी मागच्या जागेत खाली मावते का, हे विकत घ्यायच्या आधीच मोजा.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ऑफसेटचा मुद्दा लगेच पटला. मूळ रिमवर २८५ चढवून पाहिला. लॉकला घासणं निम्म्याहून कमी झालं. मग शॉक उतरवून बंप स्टॉपपर्यंत चाक उचललं, तेव्हा मात्र डाव्या बाजूला टायर थेट बॉडी माउंटच्या कडेला लागला. कॅम बोल्ट पुढे घ्यायला थोडी जागा आहे, पण तेवढ्यानं ते अंतर सुटेल असं वाटत नाही.

त्यामुळे २५५/७५ घेतोय, पाचही. स्टेपनीची जागा मोजली, मावते. कॅस्टर तरीही वाढवून घेणार आहे, कारण लिफ्टनंतर वेगात स्टिअरिंग हलकं लागतंय. आता एवढंच सांगा : तुमच्यापैकी कुणी हे माप भरल्या गाडीला वापरत असेल तर खडकावर हवा किती ठेवता, आणि रस्त्यावर परतल्यावर किती?